धामणग्याचं रातदूध

अग्नी, चाक आणि शेती यांच्यानंतर मानवजातीने मिळवलेला चौथा मोठा विजय म्हणजे झोपेवरचा विजय, आणि तो पंचगंगेच्या काठी, धामणगे या गावात मिळवला गेला. निदान पंचधारा दूध संघाच्या वार्षिक अहवालात तसं छापलं होतं, चेअरमनसाहेबांच्या फोटोखाली. फोटोत चेअरमनसाहेबांचे डोळे मिटलेले होते. हा विषयाला धरून केलेला अभिनय होता की फोटोग्राफरची घाई, यावर गावात शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

प्रकरण असं होतं. माणसाच्या मेंदूत अगदी मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचं नाव पिनियल. उजेड संपला असा निरोप डोळ्यांकडून आला की ही ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडू लागते. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे. ते फक्त दवंडी पिटत शरीरभर फिरतं: रात्र झाली, कामं आवरा. ते ऐकून अंग थोडं थंड पडतं, आतडी आळसावतात, डोकं जड होतं, आणि मग झोप, तिची मर्जी असेल तर, येते. मध्येच उजेड पडला, त्यातून मोबाइलचा निळसर, की दवंडीवाला हलगी काखेत मारून घरी जातो. त्या काळी पुण्यामुंबईकडे हा दवंडीवाला जवळजवळ बेकारच झाला होता.

गाईचंही असंच असतं. अंधारात तिच्या रक्तातलं मेलाटोनिन वाढतं आणि त्यातलं थोडं दुधात उतरतं. हे थोडं इतकं थोडं असतं, की त्याने माणूस सोडा, वासरूही पेंगणार नाही. संघाच्या शास्त्रज्ञांनी गाईच्या जनुकांत दुरुस्ती केली आणि हे थोडं पुष्कळ झालं. आता पेलाभर दूध प्यायलं की बाणेर-बावधनचा माणूस पांघरुणाचं टोक शोधता शोधता झोपायचा. संघाने त्याचं नाव ‘गाढ’ ठेवलं. धामणग्यात त्याला रातदूध म्हणत. अटी दोनच होत्या. गाय दिवस मावळल्यापासून मिट्ट काळोखात पाहिजे, आणि धार मध्यरात्र उलटल्यावर काढली पाहिजे.

या अटी गावाला पटवून देण्याचं काम भूपाल मगदूमने केलं. भूपाल हा गावच्या दूध सोसायटीचा सचिव आणि रसायनशास्त्राचा बी.एस्सी. पदवीचा उपयोग त्याला आयुष्यात फॅट तपासण्यापलीकडे झाला नव्हता, त्यामुळे मेलाटोनिन हा शब्द हाती लागताच त्याने तो अधाशासारखा वापरला. सभेत त्याने फळ्यावर मेंदू काढला. तो फणसासारखा दिसत होता, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला. गावचे रस्त्यावरचे दिवे उतरवले. शिवारात एक मोठा, खिडक्या नसलेला सामाईक गोठा उभा राहिला. आत मंद तांबडे दिवे, कारण तांबडा उजेड पिनियलला फारसा जाणवत नाही. गणपतीच्या मंडळाने रोषणाई बंद करून त्या वर्षीचा देखावा ‘अमावास्या’ असा ठेवला, आणि तो काही कुणाला दिसला नाही.

सभेत एकच गोष्ट राहून गेली. सभासद सगळे पुरुष होते, आणि धारा काढायच्या बायका.

भूपालच्या लक्षात हे आलं ते त्याच्या स्वतःच्या घरात. मगदूम जैन. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी अन्न तोंडात घालत नसे. त्यामुळे लग्न झाल्यापासून भूपाल आणि त्याची बायको शालन संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा परसदारी ताट घेऊन बसत. ही दिवसातली एकमेव वेळ, जेव्हा शालन बोलायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या उसाला तोड आली नाही, कुणी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नारळ फोडताना चष्मा फोडला, सगळं. भूपाल फक्त ‘हं’ म्हणायचा. आपल्याला या बोलण्याची सवय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ते बंद झाल्यावर कळलं.

आता शालन रात्र गोठ्यात काढून उजाडता घरी यायची आणि झोपायला बघायची. बाहेर लख्ख ऊन. दवंडीवाला रात्रभर तिच्या अंगात ओरडून घसा बसवून घेऊन घरी गेलेला. तास-दीड तास डोळा लागायचा, की मग गिरणी, भाजीवाला, सोसायटीचा भोंगा. संध्याकाळी ताटावर यायची ती सुजल्या डोळ्यांनी. घास तोंडात, नजर लिंबाच्या झाडावर. एकदा भूपालने विचारलं, काय झालं, बोलत का नाहीस. ती म्हणाली, “बोलायला जागं असावं लागतंय.”

गंमत अशी की गाव झोप विकत होतं. टँकर भरभरून झोप रोज पुण्याला जायची. गावातल्या बायका मात्र खुरपं हातात धरून उभ्या उभ्या पेंगत होत्या.

भूपालने संघाच्या शास्त्रज्ञ डॉ. केतकी सबनीस यांना फोन लावला. बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या, त्याला मगदूमकाका म्हणायच्या. त्यांनी सांगितलं की शरीरात एक घड्याळ नसतं, पुष्कळ असतात. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृताचं जेवणावर. काकू काम रात्री करतात आणि जेवतात दिवसा, म्हणजे एका घरात दोन घड्याळं, एक पुढे, एक मागे. उपाय सोपा आहे, काकूंना रात्री जेवायला सांगा.

मगदुमांच्या घरात रात्री ताट वाढत नाहीत, हे भूपालने सांगितलं. मग त्याने विचारलं, दुसरा काही उपाय.

दुसरा उपाय म्हणजे दिवसा अंधार, असं बाईंनी सांगितलं. खोली काळी करा. पण भूपालला पडदे लावण्यात विज्ञान दिसेना. ज्याच्या हातून रोज हजारो माणसांची झोप जाते, त्याने आपल्या बायकोसाठी पडदे शिवायचे, हे त्याच्या बी.एस्सी.ला पटलं नाही. त्याला दूध दिसलं.

दूध घरी नेणं हा गुन्हा होता. गाईच्या गळ्यातला पट्टा थेंबाथेंबाची नोंद संघाला कळवायचा. फक्त तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यांचं काय झालं हे कुणी विचारत नसे. ते मोरीत ओतायचे असा नियम होता. ज्या भूपालने आयुष्यात सोसायटीची टाचणीही घरी नेली नव्हती, त्याने नमुन्यांचं उरलेलं दूध तांब्यात ओतायला सुरुवात केली. घरी येऊन ते तापवायचं, हळद आणि गूळ घालायचा, आणि शालन न्याहारीला बसली की तिच्याजवळ पेला ठेवायचा. “पी, अंगाला बरं,” एवढंच म्हणायचं. अधिक बोलायला सवड नसे. टँकरवाला सोसायटीपुढे हॉर्न वाजवत उभा असायचा. भूपाल पळायचा. दुपारी घरी आलं की पेला घासून पालथा घातलेला असे.

आणि गुण आला.

काही दिवसांत शालनच्या डोळ्यांची सूज उतरली. झोप लागायला लागली. तिने आपलं अंथरूण भुशाच्या खोलीत हलवलं, तिथे गारवा असतो म्हणून. भूपालला ते आवडलं नाही, पण गुण दुधाचा असल्याने जागेशी त्याचं भांडण नव्हतं. तो खुशीत होता. त्याने मनातल्या मनात एक शोधनिबंधही लिहिला. त्यात रुग्णाचं नाव ‘श्रीमती शा.’ असं होतं.

खुशी फार टिकली नाही. शालन झोपायची ती झोपूनच राहायची. ऊन कललं, ताटं वाढली, हाका मारल्या, तरी भुशाच्या खोलीतून उत्तर नाही. उठायची दिवेलागणीला. म्हणजे जेवायची वेळ टळलेली. मग ती हात-तोंड धुऊन, केस विंचरून, चांगली ताजीतवानी होऊन गोठ्याकडे निघायची, आणि भूपालला म्हणायची, झाकून ठेवलंय ते खाल्लंत ना. सकाळी सूर्य वर आल्यावर ती एकदाच पोटभर जेवायची आणि भुशात जाऊन झोपायची.

दिवसातून एकच जेवण, तेही उन्हात. जैनांत याला एकाशन म्हणतात आणि ते मोठं व्रत आहे. धामणग्याने शालनचं एकाशन हां हां म्हणता ओळखलं. बस्तीतल्या उपाध्यांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. बायका येऊन पाया पडू लागल्या. पर्युषणात तिचा सत्कार झाला, नारळ, शाल, हार. सत्कारमूर्ती झोपल्या असल्याने तो भूपालने स्वीकारला. व्यासपीठावर बसून तो चरफडत होता. सगळं गाव ज्याला तप म्हणत होतं, त्याचं रासायनिक सूत्र त्याला पाठ होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर सचिवाने नमुने पळवले हेही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी तो एकटा परसदारी बसायचा. ताटात भाकरी, पुढे लिंबाचं झाड. एकदा त्याने झाडाला ‘हं’ म्हणून बघितलं.

गोठ्याकडून मात्र वेगळ्याच बातम्या यायला लागल्या. रात्री तिथे म्हणे हसण्याचे फवारे उडतात. सुगंधा कांबळे नावाच्या बाईने चेअरमनसाहेबांची नक्कल केली तेव्हा एक गाय बिथरली. शालन म्हणे इतकं बोलते, इतकं बोलते, की धार संपते पण गोष्ट संपत नाही. हे भूपालला टँकरवाल्याने सांगितलं. बायकोच्या गोष्टी आता त्याला टँकरवाल्याकडून, कापून छाटून ऐकाव्या लागत होत्या.

शेवटी त्याने पुन्हा सबनीसबाईंना फोन केला. आपला एक मित्र आहे, असं सांगून त्याने सगळी हकिगत सांगितली. मित्राची बायको रात्री जागते, मित्र तिला सकाळी रातदूध देतो.

“सकाळी?” बाई म्हणाल्या. “अहो काका, सकाळी कशाला?”

मग त्यांनी झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोपाळा पुढे जात असताना ढकलला तर आणखी पुढे जातो, मागे येत असताना रेटला तर भलतंच होतं. मेलाटोनिनचं तसंच. संध्याकाळी घेतलं तर शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, माणूस लवकर झोपतो, लवकर उठतो. तेच सकाळी घेतलं तर शरीराला वाटतं, अजून रात्र संपलेलीच नाही. घड्याळ मागे मागे पडत जातं. रोज सकाळी दिलं तर तुमच्या मित्राची बायको पक्की निशाचर होईल. कायमची म्हणत नाही मी, बाई म्हणाल्या, पण त्या मित्राला सांगा, आधी ते बंद करा.

भूपालने फोन ठेवला. शालनला कुणी नेलं नव्हतं. त्यानेच तिला पेल्यापेल्याने रात्रीत ढकललं होतं, वर हळद-गूळ घालून.

त्याने सकाळचं दूध बंद केलं. फरक पडला नाही. मग संध्याकाळी, ऊन असताना, पेला घेऊन तो भुशाच्या खोलीत शिरला. शालनने कूस बदलली आणि झोपेतच, स्पष्ट शब्दांत, त्याला बाहेर जायला सांगितलं. मग घड्याळ उजेडाने फिरवावं म्हणून त्याने शहरातून मोठा दिवा आणला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो तसला, आणि भर दुपारी तो भुशात लावला. शालन उठून बसली. दिव्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि दिवा चालू होता तसाच उचलून परसात नेऊन ठेवला. त्या रात्री परसातल्या उजेडाबद्दल सोसायटीला संघाची नोटीस आली. सचिव म्हणून ती भूपालनेच स्वीकारली आणि सचिव म्हणून दोषी घरमालकाला, म्हणजे स्वतःला, समज दिली.

आता एकच वाट राहिली होती. संघाचा करार संपत आला होता आणि तो पुढे चालवायचा की नाही हे सभेने ठरवायचं होतं. करार मोडला तर गोठा बंद, दिवे परत खांबावर, बायका आपापल्या घरी, आणि शालन संध्याकाळी ताटावर. ज्या तोंडाने योजना आणली त्याच तोंडाने ती घालवायची, असं भूपालने ठरवलं. मधल्या काळात संघाने एक नियम बदलला होता. जो धार काढील तोही सभासद. त्यामुळे सभेला या वेळी बायका आल्या. बऱ्याच जणी उन्हात डोळे बारीक करून बसल्या होत्या.

शालनही आली. किती तरी महिन्यांनी भूपाल तिला दिवसाउजेडी निवांत बघत होता. तिच्या केसांत बऱ्याच जागी पांढरं झालं होतं. हे कधी झालं, त्याला कळेना.

भूपाल उभा राहिला आणि त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. रात्रपाळीने रक्तदाब वाढतो, साखर वाढते, पोट बिघडतं, स्वभाव बदलतो, सगळं आकड्यांसकट. फळ्यावर पुन्हा मेंदू काढला. या वेळी तो बरा आला. आपण आपल्या बायकांची रात्र विकतो आहोत, असं शेवटी म्हणून तो खाली बसला. पुरुषांत थोडी कुजबुज झाली. एकदोघांनी माना हलवल्या.

मग शालन उठली. पदर सावरून तिने सचिवांना विचारलं, कुठल्या बाईनं तक्रार केली ते नाव सांगा. सचिवांना नाव सांगता येईना. शालनने मागे वळून बायकांना विचारलं, कुणाची हाय का तक्रार. सुगंधा कांबळे म्हणाली, आहे, तांबडा दिवा एक गेलाय, तो बदला. बाकी कुणी काही बोललं नाही. करार आवाजी मतदानाने पुढे चालू राहिला. आवाज मुख्यतः बायकांचा होता.

सभेनंतर दोघं घराकडे चालत निघाली. ऊन कलायला लागलं होतं. जेवायची वेळ होती, आणि शालन जागी होती. भूपालने परसदारी दोन ताटं मांडली आणि तिला बसवलं. भाकरी तशीच राहिली. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. नमुने, तांब्या, पेला, सकाळची वेळ, झोपाळा, मागे पडणारं घड्याळ. तू रात्रीची झालीस ती तुझ्या मनाने नव्हे, त्याने सांगितलं. हे मी केलंय. माझ्या दुधाने केलंय. पण ते उलटवता येईल. रोज संध्याकाळी थोडं, हळूहळू. बाई सांगतील तसं.

शालन ऐकत होती. मध्ये एकदाही ‘हं’ म्हणाली नाही.

“तुमाला वाटतंय दुधानं मला झोप लागली न् मी रातची झाले,” ती म्हणाली. “भुशाच्या खोलीला खिडकी न्हाई, तिथं झोप लागली. ह्ये सुगंधीनं सांगितलं. तीबी तिच्या कोठीत तशीच झोपतीय.”

“मग संध्याकाळी उठत का नाहीस? जेवायला?”

तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

“दिवसा उठलं की हाक येतीया. चहा दे, टॉवेल दे, माझा चष्मा कुठं ठेवला. रातचं कोण हाक मारत न्हाई. गाय बी न्हाई मारत. जन्मात पयल्यांदा माझं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेतंय. तुमी निस्तं हं म्हणता.”

भूपालच्या तोंडून ‘हं’ निघता निघता राहिला. त्याला हे मानवलं नाही. बायकोला आपला कंटाळा यावा, हे त्याला अजिबात शास्त्रीय वाटेना. हार्मोनचा दोष त्याला चालला असता, किंबहुना हवा होता. तो चिकाटीने म्हणाला, तुला वाटतं तसं, पण हे सगळं वाटणंच मेलाटोनिनने होतं. रोज सकाळी पेलाभर. इतके महिने. त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहील का.

“कुठला पेला?”

“हळदीचा. गूळ घालून. मी ठेवून जायचो तो.”

“त्यो व्हय,” शालन म्हणाली, आणि सूर्याकडे बघून घाईने शेवटचा घास घेतला. “त्यो मी शेजारच्या म्हातारीला द्यायची.”

शेजारची म्हातारी गेल्या उन्हाळ्यापासून रात्रभर भजनं म्हणत होती, आणि तिच्या घरच्यांनी सोसायटीत येऊन सचिवांकडे दोनदा तक्रारही केली होती.

“आणि तू का नाही प्यायलीस?”

शालनला दूध पचत नव्हतं. लहानपणापासून. तिच्या माहेरी हे सगळ्यांना माहीत होतं.